कै. डॉ. इरावतीबाई कर्वे आणि मानवी मस्तकाची कथा

मनुष्याच्या शरीरांतील सर्व अवयवांत मेंदू हा मोठा खर्चिक अवयव आहे. प्रौढ माणसाच्या एकंदर वजनाचा तो सुमारें पन्नासावा भाग भरतो. परंतु स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरांत जी शक्ति खर्च होते, तिचा सुमारें पांचवा हिस्सा हा एकटाच वापरतो. निसर्गानें मनुष्यावर एवढा खर्च केव्हां, कसा व कां केला, हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढें गेलीं दीडशें वर्षें उभा आहे. या प्रश्नाच्या पोटांत आणखी एक प्रश्न दडलेला असतो. मेंदूची ही देणगी सर्व मनुष्यजातींस सारखीच मिळाली, कीं कांहींस अधिक व कांहींस उणी? पहिल्या प्रश्नासाठीं विद्वानांनीं डोंगर खणले, गुहा धुंडाळल्या. दुसऱ्याचें उत्तर मात्र पुष्कळांनीं कांहीं न मोजतांच ठरवून टाकलें होतें. तें ठरीव उत्तर हातीं माप घेऊन तपासणारी एक तरुण विदुषी महाराष्ट्राची होती. डॉ. इरावतीबाई कर्वे यांस आपण ‘युगान्त’ ग्रंथाच्या लेखिका म्हणून ओळखतों. परंतु त्यांच्या आयुष्यांतील हा आरंभींचा पराक्रम शाळेंतील विद्यार्थ्यांस फारसा ठाऊक नसतो. तो त्यांच्या चरित्रासह येथें थोडक्यांत सांगण्याचा हेतु आहे.

इरावतीबाईंचा जन्म ता. १५ डिसेंबर १९०५ रोजीं ब्रह्मदेशांतील मिंज्यान या गांवीं झाला. त्यांचे वडील गणेश हरि करमरकर हे तेथें कापसाच्या एका कंपनींत नोकरीस होते. ब्रह्मदेशाची जीवनदायिनी जी इरावती नदी, तिचेंच नांव मुलीस ठेवण्यांत आलें. सातव्या वर्षीं तिला शिक्षणासाठीं पुण्यास पाठवून हुजूरपागेच्या शाळेच्या वसतिगृहांत ठेवलें. आईबाप समुद्रापलीकडे राहिले. परंतु तेथें तिला शकुंतला परांजपे ही मैत्रीण लाभली, व तिच्या योगानें रँग्लर परांजपे यांच्या कुटुंबांत दुसरें घर मिळालें. त्या घरांत पुस्तकें विपुल होतीं आणि कोणतेंही मत तर्काच्या कसोटीस लावून पाहण्याची मोकळीक होती. कोणाचें म्हणणें केवळ तो मोठा आहे म्हणून मान्य करावयाचें नाहीं, हा संस्कार बालवयांत तेथेंच झाला असावा.

पुढें फर्ग्युसन कॉलेजांतून तत्त्वज्ञान हा विषय घेऊन १९२६ सालीं त्या बी. ए. झाल्या. दक्षिणा फेलोशिप मिळाल्यावर मुंबई विद्यापीठांत प्रा. गो. स. घुर्ये यांच्या हाताखालीं त्यांनीं समाजशास्त्राचा अभ्यास केला व १९२८ सालीं एम. ए. ची पदवी मिळविली. याच सुमारास फर्ग्युसन कॉलेजांतील रसायनशास्त्राचे अध्यापक दिनकर धोंडो कर्वे यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. दिनकरराव हे महर्षि अण्णासाहेब कर्वे यांचे चिरंजीव. त्यांनीं स्वतः जर्मनींत डॉक्टरेट मिळविली होती, आणि आपल्या पत्नीनेंही तेथें जाऊन उच्च शिक्षण घ्यावें अशी त्यांची इच्छा होती.

येथें एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ज्या अण्णासाहेबांनीं १८९६ सालीं विधवांसाठीं आश्रम काढला व १९१६ सालीं महिलांचें विद्यापीठ स्थापन केलें, त्यांसच सुनेचें परदेशीं जाणें पसंत नव्हतें. थोर पुरुषांच्या ठायींही एखादी मर्यादा असते ती अशी. दिनकररावांनीं वडिलांचा मान राखला, पण बेत सोडला नाहीं. पैशाची अडचण होतीच, ती डॉ. जीवराज मेहता यांनीं कर्ज देऊन दूर केली. हेच डॉ. मेहता पुढें १९६० सालीं गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. अशा रीतीनें, घरांतील वडीलधाऱ्यांची नाराजी पाठीशीं आणि कर्जाचा बोजा शिरावर घेऊन, १९२८ च्या नोव्हेंबर महिन्यांत इरावतीबाई बर्लिन येथें दाखल झाल्या. त्या वेळीं त्यांचें वय तेवीस वर्षेंही पुरें नव्हतें.

त्या काळीं मानवी मेंदूच्या उत्क्रांतीविषयीं विद्वानांस काय ठाऊक होतें, हें समजल्याशिवाय इरावतीबाईंच्या कामाचें महत्त्व ध्यानीं यावयाचें नाहीं. मेंदू हा मऊ पदार्थ. मेल्यावर तो लवकरच नाहींसा होतो. मागें उरते ती कवटी. परंतु कवटीच्या आंतील पोकळी मेंदूच्याच आकाराची असल्यामुळें, पोकळी मोजली कीं मेंदूचा अंदाज लागतो. जावा बेटांत त्रिनिल येथें १८९१ सालीं डच वैद्य यूजीन दुब्वा यांस एका प्राचीन कवटीचा वरचा भाग सांपडला, व पुढील वर्षीं मांडीचें हाड मिळालें. ती कवटी वानरापेक्षां मोठ्या, परंतु आपल्यापेक्षां लहान मेंदूची होती. दक्षिण आफ्रिकेंत टाउंग येथें १९२४ सालीं एका बालकाची कवटी मिळाली व पुढील वर्षीं रेमंड डार्ट यांनीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. तिचा मेंदू वानराएवढाच लहान होता. पण कण्याशीं जोडणारें छिद्र कवटीच्या तळाशीं होतें. याचा अर्थ असा कीं, तें बालक दोन पायांवर ताठ चालत असलें पाहिजे.

हा पुरावा युरोपांतील बहुतेक पंडितांस रुचला नाहीं. मनुष्यत्वाचा आरंभ मेंदूपासूनच झाला असला पाहिजे, असें त्यांनीं मनाशीं धरलें होतें. शिवाय त्यांच्या मतास आधार होता. इंग्लंडांत पिल्टडाउन येथें सांपडलेली म्हणून १९१२ सालीं एक कवटी जगापुढें मांडण्यांत आली होती. तिचा मेंदू मनुष्यासारखा मोठा व जबडा वानरासारखा होता. विद्वानांस जें हवें होतें, तेंच जणूं जमिनींतून वर आलें! पुढें १९५३ सालीं सिद्ध झालें कीं ती निव्वळ लबाडी होती. मनुष्याच्या कवटीशीं ओरांगउटांगाच्या जबड्याची सांगड घालून कोणीं तरी ती बनविली होती. मनाजोगें उत्तर मिळालें कीं विद्वानही तपासणींत ढिले पडतात, हा धडा त्यांतून सर्वांनीं घेण्यासारखा आहे. इरावतीबाई बर्लिनला पोहोंचल्या तेव्हां मात्र पिल्टडाउनच्या कवटीचा बोलबाला होता व टाउंगच्या बालकाची उपेक्षा चालली होती.

बर्लिनच्या डालेम भागांत मानवशास्त्र व मानवी आनुवंशिकता यांसाठीं कैसर विल्हेल्म संस्थेची एक शाखा १९२७ सालीं उघडण्यांत आली होती. तिचे प्रमुख प्रा. ऑयगेन फिशर हे इरावतीबाईंचे मार्गदर्शक झाले. फिशर यांची विद्वत्ता मोठी होती, परंतु गौरवर्णी युरोपीय लोक इतरांहून जन्मतःच श्रेष्ठ आहेत, या समजुतीनें ती ग्रासलेली होती. मनुष्याची कवटी दोन्ही बाजूंस अगदीं सारखी नसते, ही गोष्ट शास्त्रज्ञांस माहीत होती. त्यावरून फिशर यांनीं असें गृहीत धरलें कीं, युरोपीय मनुष्याच्या मेंदूचा कपाळामागील उजवा भाग अधिक वाढलेला असावा, त्यास जागा देण्यासाठीं कवटी त्या बाजूस अधिक फुगलेली असावी, आणि म्हणून तर्कशक्तींत तो इतर वंशांपुढें असावा. या गृहीताची परीक्षा करण्याचें काम त्यांनीं आपल्या हिंदी विद्यार्थिनीकडे सोंपविलें.

इरावतीबाईंनीं संस्थेंतील १४९ कवट्या अभ्यासासाठीं घेतल्या. काम दिसावयास सोपें, पण करावयास कंटाळवाणें. कवटीची मध्यरेषा निश्चित करावयाची, त्या रेषेपासून डाव्या व उजव्या बाजूच्या ठराविक खुणांचें अंतर मोजावयाचें, आंकडे टिपावयाचे, आणि पुनः दुसरी कवटी हातीं घ्यावयाची. परदेशचें वातावरण, परकी भाषा, बरोबरीनें प्राणिशास्त्र, संस्कृत व तत्त्वज्ञान या विषयांचें अध्ययन, आणि समोर ओळीनें मांडलेलीं नांव नसलेलीं माणसांचीं मस्तकें! त्यांतील प्रत्येक मस्तकांत कधीं काळीं विचार नांदला होता; कोणाची तरी आठवण, कोणाविषयीं तरी माया तेथें वसली होती. आतां त्यांच्यावर एक क्रमांक उरला होता, आणि त्यांचा वंश कोणता यावरून त्यांची लायकी ठरविण्याचा घाट घातला गेला होता.

मापें पुरीं झाल्यावर जें दिसलें तें असें. कवटीच्या दोन बाजूंत फरक असतो हें खरें, पण तो असणें हीच मनुष्याच्या मस्तकाची स्वाभाविक स्थिति आहे. हा फरक युरोपीय कवट्यांत एका प्रकारचा व इतर कवट्यांत दुसऱ्या प्रकारचा, असें कांहीं आढळलें नाहीं. वंशाचा व कवटीच्या या असारखेपणाचा कसलाही संबंध आंकड्यांतून निघाला नाहीं. गुरुजींचें गृहीत मापापुढें टिकलें नाहीं.

वाचकहो, अशा प्रसंगीं त्या तरुणीची स्थिति काय असेल याचा विचार करा. पदवी देणें न देणें ज्यांच्या हातीं, त्यांचेंच मत तिच्या वहींतील आंकडे खोडून काढीत होते. रिकाम्या हातीं परतल्यास कर्ज फेडणें कठीण, आणि तिच्या जाण्यास ज्यांचा विरोध होता त्यांस तर बोलावयास जागाच मिळाली असती. निष्कर्ष थोडा गुळमुळीत लिहिला असता, पुरावा अपुरा आहे असें म्हणून विषय टाळला असता, तरी कोणीं तिला दोष दिला नसता. तिनें तसें केलें नाहीं. आंकडे जसे निघाले तसे तिनें प्रबंधांत मांडले. फिशर यांनीं प्रबंधास खालची श्रेणी दिली, पण पदवी नाकारतां आली नाहीं. १९३० सालीं इरावतीबाई डॉक्टर झाल्या.

या प्रामाणिकपणाचें मोल पुढच्या इतिहासानें दाखविलें. जर्मनींत १९३३ सालीं हिटलरची सत्ता आली आणि त्याच वर्षीं फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. हीन ठरविलेल्या माणसांस संतति होऊं नये म्हणून सक्तीची शस्त्रक्रिया करण्याचा कायदा त्याच वर्षीं झाला, आणि वंशशुद्धीच्या या वेडास शास्त्राचा मुलामा देण्याचें काम त्या संस्थेंतील विद्वानांनीं केलें. शेवटीं लक्षावधि ज्यू व इतर निरपराध माणसांच्या संहारापर्यंत मजल गेली. कवटीवरून माणसाची किंमत ठरविणें हा केवळ प्रयोगशाळेंतला वाद नव्हता. त्याच्या टोकाशीं माणसांचे प्राण टांगलेले होते. एका प्रबंधानें तो संहार थांबणें शक्य नव्हतें. पण त्या वेडास शास्त्राचा आधार नाहीं, हें त्या संस्थेच्याच भिंतींआड, त्याच कवट्या मोजून, एका हिंदी स्त्रीनें आधींच लिहून ठेवलें होतें.

नंतरच्या संशोधनानें इरावतीबाईंच्या निष्कर्षास बळकटीच आणली. इथिओपियांत १९७४ सालीं सुमारें ३२ लाख वर्षांपूर्वींच्या एका मादीचा सांगाडा मिळाला. तिला शास्त्रज्ञांनीं ल्यूसी हें नांव दिलें. तिच्या जातीचा मेंदू सुमारें ४०० ते ५०० घन सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ वानराएवढाच. तरी ती दोन पायांवर चालत होती. म्हणजे टाउंगचें बालक खरें बोलत होतें. आधीं पाय ताठ झाले, हात मोकळे झाले, आणि मेंदू मागाहून वाढला. जावा येथें सांपडलेला मानव ज्या जातीचा, ती जाति सुमारें २० लाख वर्षांपूर्वीं उदयास आली. तिच्या मेंदूचें माप सुमारें ६०० पासून १२०० घन सेंटिमीटरांपर्यंत गेलें. आपली स्वतःची जाति आफ्रिकेंत सुमारें ३ लाख वर्षांपूर्वीं दिसूं लागली, व आपल्या मेंदूचें सरासरी माप सुमारें १३५० घन सेंटिमीटर आहे. ही वाढ कशामुळें झाली याविषयीं एकमत नाहीं. दगडाचीं हत्यारें, विस्तवावर शिजविलेलें अन्न, मोठ्या जमावांत राहण्याची गरज आणि भाषा, या सर्वांनीं एकमेकांस हात दिला असावा. आपल्या देशांतही नर्मदेच्या कांठीं हथनोरा येथें १९८२ सालीं अरुण सोनकिया यांस एका प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग सांपडला. तो पाहण्यास मात्र इरावतीबाई हयात नव्हत्या.

मेंदूचें केवळ आकारमान म्हणजे बुद्धि नव्हे, हेंही आतां स्पष्ट झालें आहे. नियांडर्थल मानवाचा मेंदू आपल्याहून लहान नव्हता, तरी त्याची जाति लोपली. साहित्यिकांचेंच उदाहरण घ्यावयाचें तर, रशियन कादंबरीकार तुर्गेनेव्ह यांचा मेंदू सुमारें २ किलो भरला, व फ्रेंच लेखक अनातोल फ्रान्स यांचा सुमारें १ किलो. दोघांची प्रतिभा जगानें मान्य केली. कवटीच्या असारखेपणाविषयीं तर २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें आढळलें कीं, मनुष्याच्या मस्तकांतील डाव्या-उजव्या भेदाचा नमुना चिंपांझी, गोरिला व ओरांगउटांग यांच्या मस्तकांतही दिसतो. जी ठेवण मनुष्य व वानर यांस सामायिक, ती सर्व मानवी वंशांहून कितीतरी जुनी असली पाहिजे. ती कोणा एका वंशाचें भूषण कशी ठरणार?

स्वदेशीं परतल्यावर १९३१ पासून १९३६ पर्यंत इरावतीबाईंनीं महिला विद्यापीठाच्या रजिस्ट्रारचें काम पाहिलें. पुण्याचें डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून १९३९ सालीं पुनः सुरू झालें, तेव्हां त्या तेथें समाजशास्त्राच्या अध्यापिका म्हणून रुजू झाल्या व अखेरपर्यंत तेथेंच राहिल्या. त्याच संस्थेंतील पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकळिया यांनीं गुजरातेंत लांघणज येथें अश्मयुगीन वसाहतीचें उत्खनन केलें; तेथें मिळालेल्या मानवी सांगाड्यांच्या अभ्यासांत इरावतीबाईंचा हात होता. महाराष्ट्रांतील निरनिराळ्या जातींच्या लोकांचीं शरीरमापें घेऊन, संख्याशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्यासह १९५१ सालीं त्यांनीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. एकाच नांवाच्या जातींतील पोटजातीही एकमेकींपासून भिन्न मूळाच्या असूं शकतात, असें मत त्यांनीं मांडलें. हें त्यांचे गुरु घुर्ये यांच्या प्रतिपादनाहून वेगळें होतें. म्हणजे गुरूंशीं मतभेद करण्याचा योग त्यांस पुनः आला, व या खेपेसही त्या डगमगल्या नाहींत. बर्लिनला शिकलेली शरीरें मोजण्याची पद्धति त्यांनीं फार काळ चालू ठेवली, याबद्दल पुढील अभ्यासकांनीं त्यांस बोल लावला आहे, आणि त्यांत तथ्य आहे. तथापि मापें घेतांनाही माणूस नजरेआड होऊं नये, ही काळजी त्यांच्या लेखनांत पानोपानीं दिसते.

पंढरीच्या वारींत त्या पायीं चालल्या, तेव्हां एकच अभंग गाणारे वारकरी जेवणाच्या वेळीं जातीजातींचे वेगळे होतात, हें पाहून त्यांस खंत वाटली व ती त्यांनीं लिहून ठेवली. ‘परिपूर्ति’सारख्या ललित लेखसंग्रहांनीं मराठी गद्य समृद्ध केलें; ‘युगान्त’ ग्रंथास १९६८ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालविणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. कोयना धरणामुळें उठलेल्या लोकांचें पुढें काय झालें, याची त्यांनीं केलेली पाहणी १९६९ सालीं प्रसिद्ध झाली. आपली नवी मुंबई १९७० नंतर ९५ गांवांच्या जमिनींवर उभी राहिली. तेव्हां अशा पाहणीचें मोल आपल्यास निराळें सांगावयास नको. ता. ११ ऑगस्ट १९७० रोजीं इरावतीबाईंचें निधन झालें.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या या शहरांतील कोणत्याही वर्गांत आगरी व कोळी मुलांच्या शेजारीं देशावरचीं, कोंकणांतलीं, केरळांतलीं, पंजाबांतलीं व बिहारांतलीं मुलें बसलेलीं असतात. अमक्या लोकांस गणित उपजतच येतें, तमक्यांच्या डोक्यांत कांहीं शिरतच नाहीं, अशीं वाक्यें थट्टेंत कां होईना, आपल्या कानांवर येतात, व कधीं आपल्या तोंडूनही निघतात. तीं फिशर यांच्या गृहीताचींच धाकटीं भावंडें होत. मेंदू घडविण्यास निसर्गास लक्षावधि वर्षें लागलीं, आणि तो सर्व मनुष्यजातीस एकत्रच मिळाला. त्याचा उपयोग करण्याचें काम मात्र ज्याचें त्याला करावें लागतें. इरावतीबाईंनीं तो कसा वापरला? जें मोजलें तें नीट मोजलें, जें दिसलें तें लिहिलें, आणि समोर कोण बसलें आहे हें पाहून त्यांत कमीजास्त केलें नाहीं. परीक्षेच्या वहींत व प्रयोगशाळेच्या टेबलापाशीं हा गुण आपणांपैकीं प्रत्येकास अंगीं बाणवितां येईल. त्यास डोक्याचा विशिष्ट आकार लागत नाहीं.